गोळी वाटली, पण पोटात गेली का? – गावातल्या गृहभेटींबद्दल

पऱ्हाटीतली_सिस्टर

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन सिस्टर रुजू झाली. पोरगी हुशार आहे. आठच दिवसांत रजिस्टर चाळून मला विचारते, "ताई, सगळ्या गरोदर बायांना रक्तवाढीच्या, लोहाच्या १८० गोळ्या दिल्याची नोंद आहे. मग यांचं हिमोग्लोबिन वाढत का नाही?" उत्तर द्यायला लागले आणि मला एका घरातली तुरीची कोठी आठवली.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरी खेप, सातवा महिना, हिमोग्लोबिन ७.८. दर महिन्याला गोळ्या नेत होती. विचारलं की म्हणायची, "खातो ना सिस्टर, रोज खातो." मी जायचे सकाळी अकराला. कापूस वेचाईच्या दिवसांत अकराला घरी कोण असणार? ती वावरात, नवरा वावरात, सासू ओसरीवर नातवाला घेऊन. निरोप ठेवून मी पुढच्या घरी. भेटीच्या रकान्यात खूण मात्र व्हायची.

एकदा माझी गाडी पंक्चर झाली आणि दिवेलागणीला त्यांच्या घरी पोचले. ती नुकतीच वावरातून आली होती, ओटीला कापसाची बोंडं चिकटलेली तशीच. सासूनं वरणासाठी तुरीची डाळ काढायला सांगितली. तिनं कोठीत हात घातला तर डाळीबरोबर पन्नी बाहेर आली. आत गोळ्यांची पाकिटं. चार महिन्यांची, एकही न फोडलेली.

पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात ओसरीवरून म्हातारी म्हणाली, "तिले कायले बोलता? मीच नाई म्हनलं. गोळीनं पोर मोठं होते पोटात, मंग बाळंतपन अडते. माही लेक तशीच गेली."

दोन वर्षं मी त्या घरी जात होते. म्हातारीची लेक बाळंतपणात गेली हे मला ठाऊक नव्हतं, कारण तिच्याशी मी कधी बसून बोललेच नव्हते. त्या दिवशी बसले. लेकीला बैलबंडीत घालून तालुक्याला नेत होते, पोर वाटेतच झालं, आणि मग रक्त थांबेना. किती रक्त गेलं, कोणती गोधडी भिजली, सगळं तिनं सांगितलं. मी मधे काही बोलले नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आजी, त्या पोरीच्या अंगात आधी रक्त किती होतं, कोणी पाह्यलं होतं का?" बाळंतपणात रक्त सगळ्याच बायांचं जातं. जिच्या अंगात भरपूर आहे तिला ते सोसतं. जिच्या अंगात मुळातच कमी, तिचा जीव तेवढ्यानंही जातो. गोळीनं पोर फुगत नाही, आईचं रक्त भरतं. हे तिच्या लेकीच्या गोष्टीतूनच तिला पटलं, माझ्या तक्त्यातून नाही.

त्यानंतर गोळी म्हातारीच्या ताब्यात गेली. ७.८ होतं म्हणून डॉक्टरांनी दिवसाला दोन सांगितल्या होत्या. शौचाला काळी होईल, घाबरू नका, हे मी आधीच सांगून ठेवलं. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नाही, जेवणात लिंबाची फोड. गोळी पोटात गेली की म्हातारी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. दोन महिन्यांनी ९.९. बाळंतपण दवाखान्यात झालं, मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम.

आपण गोळी देतो आणि तिला उपचार म्हणतो. गोळी हातातून तोंडात जायला मधे एक अख्खं घर असतं. त्या घरात कसं शिरायचं हे मला कोणी शिकवलं नाही, आणि आता मला ते या पोरीला शिकवायचं आहे. तुम्ही काय सांगाल? आशाताई, सिस्टर, शिकवणारे, आणि ज्यांच्या घरी आम्ही येतो ते लोक, सगळ्यांनी लिहा.

वैनगंगाकाठची_आशा

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. मला विचाराल तर गोळीपेक्षा वजनाच्या झोळीनं घर लवकर उघडतं.

आम्ही दवाखान्यात झालेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघतो. घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. हे सगळं आमच्याच जिल्ह्यात सुरू झालं याचा मला फार अभिमान आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ३९ गावांत त्यांनी काम केलं आणि हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती ती संख्या २५ च्या आसपास आली. १९९९ मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा घरी जाऊन बाळ पाहू लागल्या.

पण कागदावर "तिसरा दिवस" म्हणजे नुसती तारीख. इथं तिसऱ्या दिवशी बाळंतीण कोंडलेल्या खोलीत असते, खाटेखाली शेगडी, धूर. म्हाताऱ्या बाया म्हणतात, शेक पाहिजे. मी शेगडी काढा म्हणत नाही, भांडण होतं. मी म्हणते, शेक आईला द्या, पण धूर बाळाच्या छातीत जाते, शेगडी दाराबाहेर पेटवा आणि निखारे झाले की आत आणा, दार थोडं उघडं ठेवा. बाळाला ऊब आईच्या छातीची, उघड्या अंगाला अंग लावून. हे ऐकतात.

आणि श्वास मोजायला घड्याळ आजीच्या हातात देते. आजीला अक्षर येत नसलं तरी काटा फिरलेला कळतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले की पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले की थांबायचं नाही, दवाखाना. एका आजीनं रात्री स्वतः मोजून मला उठवलं होतं. पोट्टं वाचलं.

शिकवणारी_बाई

वर्धा जिल्ह्यात नर्सिंगच्या मुलींना सामुदायिक आरोग्य हा विषय शिकवते.

सिस्टर, तुमचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५९ मध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्यानं, पत्नीच्या आजारपणात तिची शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन या नर्सला, गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला तीन महिन्यांसाठी नेमलं. महिनाभरातच ती रडत परत आली, एवढी हलाखी बघवत नाही म्हणाली. त्यांनी तिला धीर देऊन परत पाठवलं, आणि तीन महिन्यांनंतर तिला ते काम सोडवेना. घरोघरी जाणाऱ्या नर्सची परंपरा तिथून उभी राहिली. माझ्या मुली पहिल्यांदा गावातून येऊन रडतात तेव्हा त्यांना मी हे सांगते.

मात्र एका गोष्टीचं मला दुःख आहे. आम्ही मुलींना पिशवीचं तंत्र शिकवतो: वर्तमानपत्र अंथरा, पिशवी त्यावर ठेवा, आधी हात धुवा, स्वच्छ सामान आत आणि वापरलेलं वेगळं. ते बरोबरच आहे. मग त्या कुटुंबाची फाइल भरतात. किती खोल्या, संडास आहे का, पाणी कुठून, उत्पन्न किती. तीस प्रश्न झाले की उठतात. घरातल्या बाईनं मधेच "माझं डोकं दुखते बाई" म्हटलं तर मुलगी म्हणते, "ते शेवटी येईल." ते शेवटी येतच नाही.

यंदापासून मी नियम केला आहे. पहिल्या भेटीत फाइल उघडायचीच नाही. पाणी प्यायचं, बसायचं, आणि परत आल्यावर मला सांगायचं की त्या घरात दुखणं आलं तर दवाखान्यात जायचं की नाही हे कोण ठरवतं. एवढंच. हे उत्तर आणायला काही मुलींना तीन भेटी लागतात.

बंडीवाला_पोरगा

मी शेतकरी आहे, राळेगावकडचा. सगळं छान लिहिलंय, पण थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

आमच्या घरी सिस्टर येते ती फक्त बाई गरोदर असली किंवा पोराला डोस द्यायचा असला तर. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आम्ही खालून वर फवारत होतो, सगळं अंगावर. माझा काका चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, पण नजर गेल्यासारखी झाली. फवारणीचं औषध विकणारा होता, फवारणारा होता. अंगावर पडलं तर काय करायचं हे सांगणारं कोणी आमच्या दारात आलं नव्हतं. माणसाची तब्येत म्हणजे काय फक्त बाळंतपण?

पऱ्हाटीतली_सिस्टर

दादा, राग कशाचा. तुमचं खरं आहे आणि मला ते मान्य आहे. त्या वर्षी मीही इथंच होते. आमच्या गावातून दोन जणांना गाडीत घालून पाठवलं. त्यांच्या बायका त्यांचे तेच भिजलेले कपडे हातानं धुवत होत्या, आणि मी ते पाहिलं तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी फवारणीची भेट करते. कोणत्याही रकान्यात ती बसत नाही, तरी करते. पुरुषांना पारावर आणि बायांना घरी, दोघांनाही सांगते. वारा पाठीमागून हवा. दुपारच्या उन्हात आणि उपाशीपोटी नको. पंपाचं नोझल तोंडानं फुंकून साफ करायचं नाही. फवारताना खर्रा, तंबाखू, बिडी काही नाही, हाताचं विष सरळ तोंडात जाते. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला कपडा, घरी आल्यावर आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे आणि धुणाऱ्या बाईनं हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी चढवायच्या. डोळ्याची बाहुली बारीक झाली, लाळ गळते, घाम सुटला, उलट्या, छातीत घरघर, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. कपडे उतरवा, अंग धुवा, कुशीवर झोपवा, गाडी काढा. आणि औषधाचा डबा सोबत न्या. कोणतं विष हे कळलं तर डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

काकांची नजर तपासून घेतली का पुन्हा? नसेल तर नक्की घ्या.

सालेकसा_मास्तर

मी गोंदियाकडे प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या कुटुंबात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून लिहितो.

माझ्या भाचीची तपासणी शिबिरात झाली. निकाल आला त्या दिवशी अंगणवाडीत पंधरा-वीस बाया बसलेल्या. तिथल्या कर्मचारी बाईनं यादीतून नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "हिच्यात सिकलसेल हाय." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी समजतो. पण पोरगी तेव्हा अकरावीत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दोन स्थळं आली नाहीत असं तिची आई म्हणते, मला त्यातलं खरं किती माहीत नाही, पण पोरगी चार महिने कॉलेजला गेली नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि ती फक्त वाहक होती. तिला काहीही आजार नव्हता!

नवीन सिस्टरला एवढं सांगा. रक्ताचा निकाल ज्याचा त्याला, बाजूला घेऊन, हळू आवाजात. आणि वाहक म्हणजे रोगी नाही हे त्याच बैठकीत. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, आणि काहीच नसण्याची २५ टक्के. हे दर वेळी नव्यानं. पहिलं पोर आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली, असा हिशेब नसतो. आणि दोष आईचा नाही, दोघांकडून एकेक आलेलं असतं. आमच्याकडे सुनेलाच बोलतात.

शिकवणारी_बाई

मास्तर, तुमच्या भाचीसाठी फार वाईट वाटलं. हा प्रसंग, गाव आणि नाव न सांगता, मुलींना वर्गात सांगेन.

सिस्टरांच्या मूळ प्रश्नाशीही याचा संबंध आहे. बाई खरोखर गोळ्या खाते, जंताची गोळीही झाली आहे, तरी हिमोग्लोबिन हलत नाही, असं असेल तर विदर्भात तरी पहिला विचार सिकलसेलचा करावा. आधी विद्राव्यता चाचणी ही रक्ताची प्राथमिक तपासणी, ती सकारात्मक आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं चालू ठेवू नयेत, डॉक्टरांना विचारूनच. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, तपासणी मोफत होते, हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषधही मिळतं. घरात रुग्ण असेल तर भेटीत पाणी किती पितो, थंडीत अंगावर पांघरूण आहे का, ताप आला तर किती दिवस घरीच काढतात, हे विचारायचं. दुखण्याचा झटका बहुतेक वेळा यातूनच सुरू होतो.

जुनी_एलएचव्ही

मी एलएचव्ही, म्हणजे एएनएमच्या कामावर देखरेख करणारी. चंद्रपूर-गडचिरोलीत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

सगळ्यांनी सगळं लिहिलं, खर्ऱ्याचं कोणी लिहिलं नाही. फवारणीच्या ओघात नाव आलं तेवढंच. आपल्या भागात गरोदर बाई खर्रा खाते हे आपण बघून न बघितल्यासारखं करतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. बाई म्हणते, मळमळ थांबते, भूक मारते, वावरात काम होते. बाळ मात्र कमी वजनाचं होते. मी सुरुवातीची दहा वर्षं बायांना रागवत होते, "सोड, सोड." कोणी सोडला नाही. फक्त माझ्यासमोर तोंड पुसून यायच्या. म्हणजे मीच त्यांना लपवायला शिकवलं.

मग एका बाईनं मला सांगितलं, "सिस्टर, दुपारी भाकर नसते, खर्रा असते." पाच रुपयांत दोन तास भूक लागत नाही. त्या दिवसापासून मी खर्ऱ्याची गोष्ट भाकरीपासून सुरू करायला लागले. डब्यात काय नेते, किती वाजता खाते, सोबत गूळ-शेंगदाणे, भिजवलेले चणे बांधता येतील का. पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट मिळते. ज्या बाईची दुपारची भूक भागली तिचा खर्रा निम्म्यावर आला. सगळ्यांचा नाही, पण आला.

गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ ही दारू-तंबाखूमुक्तीची मोहीम सुरू आहे, गावांनीच ठराव करून दारू-खर्ऱ्याची विक्री बंद केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. सिस्टर एकटी घराघरात सांगत फिरते आणि पानठेला गावाच्या मधोमध उघडा, तर तिचं ऐकून टिकणार किती? गावानं ठरवावं लागते. गाडगेबाबा हेच करत होते की. दिवसा हातात खराटा, गाव झाडायचं, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. आधी हात, मग तोंड.

आणि पोरी, खर्ऱ्यानं तोंड आखडते, म्हणून तोंड उघडायला सांग प्रत्येकाला. तीन बोटं उभी आत जातात का बघ. जात नसतील तर दंतवैद्याकडे पाठव.

मेळघाट_पायवाट

धारणी तालुक्यात सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी आहे. कोरकू घरात मराठीतून बोललेलं अर्धं डोक्यावरून जातं, म्हणून मी आधी चाळीस-पन्नास कोरकू शब्द शिकलो. बाळाचं पोट फुगलं की इथं तापलेल्या इळ्यानं पोटाला चटके देतात. मी पहिल्या वर्षी भूमकाशी, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूशी भांडलो, आणि लोक आजारी बाळं माझ्यापासून लपवायला लागले. दुसऱ्या वर्षी त्याच्याच अंगणात जाऊन बसलो. आता तो पूजा करतो आणि म्हणतो, "आता डॉक्टरकडे घेऊन जा." चटके पूर्ण थांबलेत असं म्हणणार नाही. पण कुपोषण मोजायची दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलेली दोन बाळं यंदा त्यानंच पाठवली.

बंडीवाला_पोरगा

सिस्टर, काकाला काल नेलं. चष्म्याचा नंबर निघाला, बाकी डोळा ठीक आहे म्हणाले. सहा वर्षं आम्ही विषामुळंच समजून बसलो होतो. धन्यवाद. यंदा फवारणीच्या आधी आमच्या गावात या, पारावर माणसं जमवायचं काम माझं.

पऱ्हाटीतली_सिस्टर

दादा, नक्की येते. जूनच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार धरा, मंगळवारी आमचं लसीकरण असतं.

एलएचव्ही मॅडम, दुपारच्या भाकरीचं तुम्ही लिहिलं ते मी वहीत उतरवून घेतलं.

काल नवीन सिस्टरला घेऊन संध्याकाळी सहाला निघाले. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं केलं, रजिस्टर गाडीच्या डिक्कीतच ठेवलं. एकाच घरी गेलो. पाचव्या महिन्याची सून चुलीपाशी भाकरी थापत होती, सासू ओसरीवर शेंगा फोडत होती. पोरगी सरळ सासूजवळ जाऊन बसली, शेंगा फोडायला लागली आणि म्हणाली, "आजी, तुमची बाळंतपणं किती झाली?" म्हातारी पाऊण तास बोलली. सात झाली, चार राहिली. सुनेनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं, आणि मला दिसत होतं की यातलं बरंचसं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

निघताना म्हातारीनं स्वतःहून विचारलं, "मंग हिच्या रक्ताचं काय निघालं?" ९.२ आहे. पुढची तपासणी २८ तारखेला. शेंगांची ओंजळभर पुडी तिनं पोरीच्या पर्समध्ये घातली आणि सांगितलं, त्या दिवशी मीच घेऊन येतो तिले.